फाटा फुटल्यावर हिशेब कोण सांभाळतो?

आजचा विषय जरा आडवळणाचा वाटेल. मोठ्या संख्यांचं गणित करणारी एखादी सामायिक व्यवस्था असते. बरेच लोक तिच्यावर अवलंबून असतात. मग काही जणांचं तिच्याशी पटत नाही आणि ते तिची नक्कल घेऊन वेगळी वाट धरतात. संगणकाच्या जगात याला 'फोर्क' म्हणतात, आपण साधं 'फाटा' म्हणू. फाटा फोडणं एका दिवसाचं काम असतं, तो सांभाळणं वर्षानुवर्षांचं. त्या सांभाळण्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. त्यात स्वीडनमध्ये सुरू झालेली एक लायब्ररी आहे, आणि आपल्या कोकणातलं नांदगाव व पुणंही आहे.

आधी मोठी संख्या म्हणजे काय ते ठरवू. आपल्या हातातल्या संगणकाचा प्रोसेसर एका वेळी ६४ बिटांची संख्या धरतो. त्यातली सगळ्यात मोठी पूर्ण संख्या २० अंकी असते. त्यापुढे गेलं की वरचे अंक सांडतात. पण बँकेचा व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली घेतली, तर ती ६१७ अंकी संख्या असते. मग काय करायचं? आपण शाळेत जे केलं तेच. संख्या तुकड्यांत मांडायची, उजवीकडून सुरुवात करायची आणि हातचा पुढे न्यायचा. फरक इतकाच की आपल्या प्रत्येक घरात ० ते ९ बसतात, संगणकाच्या प्रत्येक घरात ६४ बिटं बसतात. या घराला त्या क्षेत्रातले लोक 'लिम्ब' म्हणतात, म्हणजे अवयव. घरं हवी तितकी वाढवता येतात, मर्यादा फक्त स्मृतीची. याला म्हणतात हव्या तितक्या अचूकतेचं अंकगणित.

बेरजेत हातचा विसरला तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही तेच होतं, फक्त हातचा कोट्यवधी वेळा न्यायचा असतो आणि एकदाही चुकायचं नसतं.

तेवीस अंकी चंद्र

ही अडचण संगणकाने आणली असं समजायचं कारण नाही. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. त्यात ग्रहाचं मध्यम स्थान काढायची रीत अशी, की कल्पाच्या आरंभापासून आजवर किती दिवस गेले ते काढायचे, त्याला त्या ग्रहाच्या कल्पातल्या फेऱ्यांनी गुणायचं आणि कल्पातल्या एकूण दिवसांनी भागायचं. कल्प म्हणजे ४,३२,००,००,००० वर्षं. चंद्राच्या फेऱ्या ५७,७५,३३,००,०००. गेलेले दिवस सुमारे ७२० अब्ज, म्हणजे १२ अंकी. गुणाकार करून पाहा, उत्तर २३ अंकी येतं. आजच्या प्रोसेसरच्या एका घरात न मावणारी संख्या आपले ज्योतिषी धुळीच्या पाटीवर मांडत होते!

इतक्या मोठ्या संख्या घ्यायच्या कशाला? कारण असं, की सगळे आकडे पूर्णांक ठेवले तर कुठेच काही कापावं लागत नाही. भागाकार शेवटी एकदाच. मध्ये चूक साठत नाही. सिद्धान्त ग्रंथांची ही ताकद आहे.

पण अशी व्यवस्था चालवायला माणसं लागतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्याला दानं मिळाली. आजच्या भाषेत बोलायचं, तर ग्रंथ लिहिणारा गेल्यावर त्याची देखभाल कोण करणार, याची ती आर्थिक तरतूद होती. ग्रंथकाराचं नाव आपल्याला पाठ असतं. मठाला जमीन देणाऱ्याचं नाव शिलालेख सापडला म्हणून कळलं.

नांदगावची काटछाट

आता पुढे येऊ, १५२० साली. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांचे वडील केशव हेही मोठे ज्योतिषी, आणि आकाश प्रत्यक्ष पाहून ग्रंथातल्या आकड्यांशी ताडणारे. गणेशांनी 'ग्रहलाघव' रचला. लाघव म्हणजे हलकेपणा, आणि खरोखरच त्यांनी हिशेबाचं ओझं उतरवलं.

त्या काळी सूर्यसिद्धान्ताच्या पद्धतीने कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजले तर ते सुमारे १६ लाख ८८ हजार होत होते. त्यांना चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्यांनी गुणायचं आणि १,५७,७९,१७,८२८ ने भागायचं. रोजच्या पंचांगाला हे कोण करणार? गणेशांनी ११ वर्षांचं, म्हणजे ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं. झालेली चक्रं बाजूला काढली की हातात ४०१६ पेक्षा लहान संख्या उरते. प्रत्येक चक्रामागे किती फरक पडतो तो 'ध्रुवक' आणि आरंभीची स्थिती म्हणजे 'क्षेपक', हे आयतेच देऊन ठेवले. सूर्य काढायचा? दिवसांइतके अंश घ्या, त्यातून दिवसांचा ७० वा भाग अंशांत वजा करा आणि १५० वा भाग कलांत वजा करा. झालं! हे आज तपासून पाहिलं तर सूर्याची रोजची गती ०.९८५६०३ अंश येते. सिद्धान्ताच्या मोठ्या भागाकारातूनही सहाव्या दशांश स्थळापर्यंत जवळजवळ हेच येतं. ज्या-कोटिज्या यांची कोष्टकंही त्यांनी वापरली नाहीत.

आणखी एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. त्या काळी सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष होते, तिघांचे आकडे वेगळे. गणेशांनी कुणा एकाची बाजू घेतली नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्र सौराचा, पण ९ कला कमी करून. गुरू आणि मंगळ आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पण ५ अंश वाढवून. शुक्राचं केंद्र आर्य आणि ब्राह्म यांच्या मधोमध. आकाशाशी जे जुळलं ते घेतलं. लोकांच्या हातात मात्र तिथी, वार, नक्षत्र, योग, करण हीच पाच अंगं राहिली. आतलं यंत्र बदललं, बाहेरचा दरवाजा तोच राहिला. ग्रहलाघव महाराष्ट्रात तीनशेहून अधिक वर्षं चालला, त्यामागे हे एक मोठं कारण असावं असं आम्हाला वाटतं.

अर्थात काटछाटीची किंमत असते. कापलेला बारीक अंश प्रत्येक चक्रात थोडा थोडा साठतो. मुळातले स्थिरांकही आकाशाशी कायमचे जुळून राहत नाहीत. एकोणिसाव्या शतकापर्यंत ग्रहणाच्या वेळा आणि ग्रहांच्या जागा यांतला फरक दुर्बिणीवाल्यांना लपेना. गणेशांनी स्वतः जे केलं, म्हणजे पाहून दुरुस्त करणं, ते त्यांच्या मागे सातत्याने कुणी केलं नाही. ग्रंथ वापरला गेला, त्याची देखभाल झाली नाही.

पुण्यातला फाटा

ते काम हाती घेतलं केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना डेक्कन कॉलेजात गणित शिकवायचे, लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांचं 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक युरोपीय कोष्टकांच्या आधारे आलं. १८६५ पासून त्यांच्या गणिताचं वेगळं पंचांग निघू लागलं. पटवर्धनांच्या आश्रयामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. हा खराखुरा फाटा.

त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहणं फार गरजेचं आहे. पहिली गोष्ट आतली: ग्रहलाघवाऐवजी आधुनिक वेधांवर आधारलेलं गणित. दुसरी गोष्ट बाहेरची: राशिचक्र कुठून मोजायचं तो आरंभबिंदू. छत्र्यांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून, झीटा पिशियमपासून, मोजायला सुरुवात केली. प्रचलित मोजणीत आणि यात सुमारे ४ अंशांचा फरक. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणजे संक्रांत चार दिवस आधी. आजही टिळक पंचांगात मकरसंक्रांत १४ जानेवारीऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते, ती याच परंपरेमुळे.

तिथीला याने काही होत नाही. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर, दोघांनाही एकाच खुंटीपासून मोजलं तर खुंटी कुठेही ठोका, अंतर तेच. पण ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास. अमावास्येच्या आसपास संक्रांत चार दिवस सरकली, की अधिक मास एका पंचांगात एक आणि दुसऱ्यात दुसरा येऊ शकतो. मग त्या वर्षी काही सण चक्क महिनाभर पुढेमागे होतात. कोकणात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. अशा वर्षी एका घरात गणपती बसतात आणि शेजारच्या घरात महिन्यानंतर. हा वाद निव्वळ विद्वानांचा नाही, हे तिथे कळतं. लग्नाची तारीख, श्राद्धाचा दिवस, माहेरी येणारी लेक, सगळं त्यावर टांगलेलं असतं.

मिटवण्याचे प्रयत्न झाले. टिळकांनी पुढाकार घेतला, १९०४ साली मुंबईत ज्योतिष परिषद भरली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवं गणित स्वीकारलं, पण आरंभबिंदू चित्रा ताऱ्यावरून ठरवावा असं मांडलं. तो प्रचलित मोजणीच्या बराच जवळ होता. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधार समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९५५ सालचा. तिने अयनांश २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला धरले, म्हणजे चित्रापक्षाच्या जवळचे.

निकाल पाहा. छत्र्यांच्या आतल्या बदलाचा जय झाला. आज महाराष्ट्रातली प्रमुख पंचांगं आधुनिक, आकाशाशी जुळणारं गणित वापरतात. बाहेरच्या बदलाचा मात्र जय झाला नाही, आणि तो मागेही घेतला गेला नाही. तो फाटा दीडशे वर्षांनंतर अजून वेगळाच वाहतो आहे.

वरचं पाणी

आता संगणकाकडे. मूळ प्रकल्पाला तिथे 'अपस्ट्रीम' म्हणतात, प्रवाहाच्या वरच्या अंगाचा. पवनानगरला बसून हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. इथल्या धरणातून किती पाणी सुटतं, त्यावर खाली रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडला किती उचलता येईल ते ठरतं. खालच्याला वरच्याची प्रत्येक हालचाल भोगावी लागते. वरच्याला खालचे सगळे माहीत असतीलच असं नाही.

जीएमपी ही अशीच वरची लायब्ररी. टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड या स्वीडिश माणसाने ती सुरू केली, पहिली आवृत्ती १९९१ ची. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकचा परम ८००० तयार झाला. परमचा गाजावाजा झाला, आणि ते योग्यच होतं. जीएमपीची बातमी कुठे झाली नाही. पण जीसीसी हा कंपायलर २००८ पासून, ४.३ या आवृत्तीपासून, जीएमपीशिवाय बांधताच येत नाही. म्हणजे जगातला केवढा तरी सॉफ्टवेअर-पसारा बांधणारं अवजारच या लायब्ररीवर उभं आहे.

तिच्यातलं काम कसं असतं ते एका उदाहरणाने पाहू. ४७ गुणिले ३६ करायला आपण एकअंकी चार गुणाकार करतो. १९६० साली मॉस्कोत तरुण कारात्सुबाने दाखवलं की तीन पुरतात. ४ × ३ = १२. ७ × ६ = ४२. मग (४+७) × (३+६) = ९९. आता ९९ मधून १२ आणि ४२ वजा करा, ४५ उरले. १२०० + ४५० + ४२ = १६९२. इथे बचत किरकोळ वाटते, पण हजारो अंकांवर तीच युक्ती पुन्हा पुन्हा लावली की फरक प्रचंड पडतो. पुढे टूम-कूक आली, १९७१ साली शोनहागे-स्ट्रासेन. २००८ साली अनिंद्य डे, पीयूष कुरूर, चंदन साहा आणि रामप्रसाद सप्तऋषी या भारतीय संशोधकांनीही या प्रश्नात महत्त्वाची भर घातली.

लायब्ररीत या सगळ्या रीती एकत्र नांदतात. लहान संख्येला शाळेचा गुणाकार, मोठीला कारात्सुबा, आणखी मोठीला पुढची. कुठे एक सोडून दुसरी धरायची ती सीमा प्रत्येक प्रोसेसरवर वेगळी, ती मोजून ठरवावी लागते. शिवाय आतली मुख्य आवर्तनं प्रत्येक प्रोसेसरसाठी त्याच्या यंत्रभाषेजवळच्या असेम्ब्लीत हाताने लिहिलेली. नवा प्रोसेसर आला की काम पुन्हा सुरू. एकदा लिहून झालं असं इथे काही नसतं.

२००७ साली जीएमपीने परवाना बदलला, एलजीपीएलची तिसरी आवृत्ती घेतली. ती काहींना अडचणीची वाटली. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी ही लायब्ररी बांधणंही कठीण होतं. अशा कारणांतून विल्यम हार्ट, जेसन मॉक्सहॅम, ब्रायन ग्लॅडमन यांच्यासारख्यांनी जीएमपी ४.२.१ वरून, म्हणजे परवाना बदलण्याआधीच्या आवृत्तीवरून, एमपीआयआर नावाचा फाटा काढला. २००९ पासून सेज या मोठ्या मुक्त गणितप्रणालीने तो वापरला.

त्यांचं उद्दिष्ट नीट पाहा. मूळ लायब्ररीशी सुसंगत राहायचं. फंक्शनची नावं तीच. बांधताना एक पर्याय दिला की फाटा चक्क जीएमपीच्याच नावाने उभा राहतो. वापरणाऱ्याला आपला प्रोग्रॅम बदलावा लागू नये. विंडोजवर थोडं वेगळं करावं लागलं, कारण ६४ बिटांच्या विंडोजमध्ये 'लाँग' हा प्रकार ३२ बिटांचाच असतो, तिथे त्यांनी आपला प्रकार आणला. पण एकंदरीत दरवाजा तोच ठेवला.

पुढे काय झालं? वरची नदी थांबली नाही. जीएमपी ५ आली, ६ आली. सहाव्या आवृत्तीपासून परवानाही दुहेरी झाला, एलजीपीएल ३ किंवा जीपीएल २. फाट्याला वरच्या सुधारणा हव्या होत्या, म्हणून त्यालाही पुढे एलजीपीएल ३ वर यावं लागलं. म्हणजे फुटण्याचं एक कारणच विरून गेलं. काम करणारे हात मोजके. २०१७ ला एमपीआयआर ३.० ही शेवटची मोठी आवृत्ती निघाली, आणि त्यानंतर देखभाल जवळजवळ थांबली. सेज पुन्हा जीएमपीवर आलं.

याला अपयश म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. ज्या काळात विंडोजवाल्यांना पाणी मिळत नव्हतं त्या काळात या फाट्याने ते पोहोचवलं. आणि दरवाजा तोच ठेवल्यामुळे परतीची वाट शाबूत राहिली. कुणाचा सण महिनाभर सरकला नाही.

थांबलेल्या फाट्याचा धोका मात्र खरा आहे. २०२१ साली जीएमपीत एक दोष नोंदला गेला. फाइलमधून संख्या वाचणाऱ्या भागात, ३२ बिटांच्या यंत्रांवर, मुद्दाम रचलेली संख्या दिली तर राखलेल्या जागेबाहेर लेखन व्हायचं आणि प्रोग्रॅम कोसळायचा. मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली. पण जो फाटा जुन्या सामायिक भागातून निघाला आहे, तिथे हा दोष वारशाने आला आहे का, हे कुणी पाहायचं? दुरुस्ती उचलून कुणी आणायची, चाचण्या कुणी चालवायच्या? मूळवाले त्याला बांधील नाहीत. वापरणाऱ्याला बहुतेक वेळा आपण कुठल्या फाट्याचं पाणी पितोय हेच माहीत नसतं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवताना एक भेद विसरू नये. लायब्ररीत दोन संख्यांचा गुणाकार एकच, कोण बरोबर यावर वाद नाही. पंचांगात आरंभबिंदू कुठे धरायचा हा संकेताचा प्रश्न, तो गुणाकार करून सुटत नाही. म्हणूनच आतलं गणित कालांतराने एकत्र आलं आणि संकेत दुभंगलेलाच राहिला. ज्याला फाटा काढायचा आहे त्याने आधी स्वतःला विचारावं, आपण हिशेब सुधारतोय की खुंटी हलवतोय? हिशेब सुधारलात तर जग आज ना उद्या तुमच्याकडे येईल. खुंटी हलवलीत तर पुढच्या पिढ्यांनाही दोन दरवाजे सांभाळावे लागतील.

आणि दुसरा प्रश्न पाटणच्या मठाचा. तुमच्यानंतर हातचा कोण नेणार? फाटा काढणाऱ्याकडे उत्साह असतो, तो पाच-सहा वर्षं पुरतो. दर वर्षी वरचे बदल तपासणारा, नव्या प्रोसेसरवर चाचणी लावणारा, कुणा अनोळखी माणसाच्या तक्रारीला उत्तर देणारा, अशा माणसाची सोय कुणी केली आहे का? आज इथे संगणक शिकणारी मुलंमुली बसली आहेत, त्यांना आमचं एवढंच सांगणं. नवं काही लिहा, जरूर लिहा. पण आपण रोज वापरतो अशी एखादी जुनी लायब्ररी निवडा, तिच्या चाचण्या आपल्या यंत्रावर चालवून पाहा, आणि जे चुकतं ते वर कळवा. केरूनानांनी सुरुवात तिथूनच केली होती, छापील आकडा आणि आकाश ताडून पाहण्यापासून.

आता प्रश्न घेऊ.